स्मरणपत्र क्रमांक सात

तातोबा अण्णांकडे पाणी मागितलं तरी ते म्हणत, "लेखी द्या."

कराडच्या आमच्या कचेरीत ते आवक-जावक सांभाळत. आल्यागेल्या प्रत्येक कागदावर नंबर आणि शिक्का. मी आटपाडीकडचा. आईवडील खडी फोडायचे. घरात अंगठ्याच्या पुढं सहीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, तोही थेट बी.ए. पहिल्या दिवशी ऐटीत म्हणालो, "मी रुजू झालोय."

अण्णांनी मान वर केली नाही. "कशावरनं? कागद कुठाय?"

कागद दिला, शिक्का बसला, तेव्हा कुठं मी त्यांना दिसलो.

चहा सांगायचा तर चिठ्ठी : 'विषय : चहा. संदर्भ : कालचा पाणचट चहा.' हॉटेलवाल्यानं दाद दिली नाही की स्मरणपत्र क्रमांक एक. एकदा साहेब शिंकले, तर हे म्हणाले, "नोंद घेतली."

या सवयीपायीच मुलगा दुरावला. हे त्यांनीच मला सांगितलं. मुलगा फौजेत निघाला, तेव्हा स्टँडवर अण्णांना रडू येत होतं. ते लपवायला म्हणाले, "रजेचा अर्ज दिलास का रं?" पोरगं भडकलं. "तुमची कचेरी तुमालाच लखलाभ!" म्हणत एस.टी.त चढलं. दोन वर्षं झाली, पत्र नाही. अण्णा मात्र पाठवत राहिले : 'महोदय, उत्तर अद्याप अप्राप्त.' अशी सहा स्मरणपत्रं गेली.

सातवं त्यांनी माझ्यापुढं सरकवलं. "बीए, मसुदा तपासा."

मी 'महोदय' खोडून 'बाळा' लिहिलं. "आवं अण्णा, पोटच्या पोराला कुणी महोदय म्हणतं व्हय?"

"नियमात बसत न्हाई." त्यांनी 'बाळा'वरून बोट फिरवलं. "म्हणायचं तवा म्हटलं न्हाई, गड्या. आता कसं लिवू?"

पण खाडाखोड तशीच ठेवून त्यांनी पाकीट चिकटवलं.

महिन्याभरानं उत्तर आलं. अण्णांनी पाकीट न फोडताच माझ्यापुढं सरकवलं, म्हणून मीच वाचलं :

'संदर्भ : आपले स्मरणपत्र क्र. ७. विषय : रजा. महोदय, पुढच्या महिन्यात पंधरा दिवस घरी येतोय. हाच अर्ज समजून मंजुरी द्यावी. आपला आज्ञाधारक, बाळा.'

अण्णांनी शिक्का मारला, तो उलटा बसला. कडेला लिहिलं, 'मंजूर.' मग टोपी उचलली आणि साहेबांना न विचारता, अर्ज न देता, भर दुपारी घरी निघाले.

मुलगा आला. स्टँडवर अण्णांनी कसलाच कागद मागितला नाही.