चारा जमला का?

"वजनकाटा नको नि मोजमाप नको. चारा जमला की नाही, ते नाक सांगतं," परसात बादलीपुढे बसता बसता होडीवर नाखवा म्हणून हयात घालवलेल्या म्हाताऱ्या तांडेलाने जावयाला बजावले. जावई उद्या पहिल्यांदाच शार्क आणि ट्यूना धरायला होडी काढणार होता, आणि त्यांना ओढून आणण्यासाठी पाण्यात टाकायचा चारा सासऱ्यानेच करून द्यावा, असा त्याचा आग्रह होता. होडीवर जाणे सोडल्यापासून एवढ्या अगत्याने तांडेलाकडे कोणी काही मागितले नव्हते.

ट्यूनाला तुकडे दिसावे लागतात, शार्कला वास पोचावा लागतो. म्हणून त्याने बांगड्यांचे तुकडे केले, डोकी-आतडी कुटली, वर रक्त नि माशाचे तेल ओतले. एके काळी हा वास अंगावर घेऊन तो घरी आला की बायको दारातच हुंगून त्याला न्हाणीघरात पिटाळायची. त्या आठवणीने हसत तो बादलीवर वाकला.

वास काहीच आला नाही. गेल्या वर्षीच्या तापाने नाक नेले होते, आणि ते त्याने घरात कोणाला कळू दिले नव्हते. कळले, तर चारा करायला पुन्हा कोण बोलावणार?

"जावईबापू, तुम्ही सांगा पाहू. जमलाय?"

ही आपली परीक्षा आहे, अशी जावयाची समजूत झाली. तोंडाने श्वास घेत तो ताठ मानेने म्हणाला, "जरा सौम्य वाटतो, बाबा."

तांडेलाने उरलेले तेल ओतून बादली उन्हात ठेवली. दुपारी पुन्हा विचारणा झाली.

"अजून चालेल," जावई डोळे पुसत म्हणाला.

दुसरी बाटलीही रिकामी झाली. कुंपणावर मांजरे जमली. शेजारची शिंपीण गटार फुटल्याची तक्रार घेऊन आली, आणि तिच्यामागोमाग नाकाला टॉवेल लावून बायको.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"का गं? कमी पडतोय?"

एवढे ऐकून जावयाचा धीर सुटला. त्याने कुंपण गाठले आणि मांजरांच्या देखत तो भडभडा ओकला.

बायकोने टॉवेल काढला, बादलीवर वाकून एकदाच हुंगले. "तेल दुप्पट झालंय. अर्धा चारा काढा, तेवढेच मासे कुटून घाला. तुम्ही होडीवरून यायचात, तेव्हाचा वास येईल. कुटा तुम्ही, हुंगायला मी आहे."

तांडेलाने हळूच विचारले, "तुला कधी कळलं?"

"तापातून उठलात तेव्हाच. भाजी करपली होती. तुम्ही मुकाट्याने जेवलात."

"मग बोलली का नाहीस?"

ती सुरी घेऊन बांगड्यांपुढे बसली.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकाला कोणी नावं ठेवत नव्हतं. म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय."