फिरली पायजे, हालली नाय पायजे

आमच्या नानाभाऊजींनी एकदा माझ्या पाठीला स्क्रूड्रायव्हर लावला होता. मला खोकला झालेला, डॉक्टर गावाला गेलेले. भाऊजींनी हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर आणला, टोक पदरावरून माझ्या पाठीला टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटून म्हणाले, "वयनी, बेरिंग चांगली हाय. नुसता कचरा साचला."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय अडुसष्ट, लग्न केलेलं नाही. नांदगाव खंडेश्वरच्या पंपहाऊसवर जन्मभर मोटरी ऐकल्या आणि निवृत्त होऊन शहरात, राजापेठेत आमच्याकडे आले, तेव्हापासून आमचं घर ऐकतात. कूलर, मिक्सर, पाण्याची मोटर, कशालाही कान लावतात. समोरच्या शिकवणीला येणाऱ्या पोरींच्या स्कूट्याही तपासून सोडतात. पोरी आधी घाबरायच्या, आता स्वतःच विचारतात, आजोबा, हिला काय झालं?

पण या कानाच्या माणसाला एक डाग होता, आणि तो त्यांच्या स्वतःच्याच फटफटीचा. माझ्या लग्नाआधीची जुनी गाडी. तिच्या इंजिनातून कायम एक टिकटिक यायची. किती वेळा खोलली, किती वेळा बांधली, टिकटिक काही जाईना. सगळं नांदगाव त्यांना टिकटिक नाना म्हणायचं. ते हसून घ्यायचे, पण फार लागायचं त्यांना. पुढे इंजिनातला वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, जळाला, गाडी आमच्या टिनाखाली उभी राहिली ती राहिलीच. सीटखाली गांधीलमाश्यांनी पोळं केलं.

ती पुन्हा खोलली कशी, ते सांगते. बार्शीटाकळीची आक्का ही या भावंडांत सगळ्यात थोरली. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा नानांना तिनेच वाढवलं. आता काचबिंदूने तिची नजर गेली आहे. गेल्या वर्षी भाऊबीजेला आम्ही पुतण्याच्या कारने तिच्याकडे गेलो. भाऊजी अंगणात जाऊन नुसते उभे राहिले. आक्का दारातून म्हणाली, "कोन व्हय?"

परतताना मूर्तिजापूरपर्यंत ते काच खाली करून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या ऐकत बसले. मग म्हणाले, "वयनी, फटफटी असती तं तिनं नाल्यापासून वयखलं असतं. मी येईस्तोवर चहा गाळला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीपुढे पोतं अंथरलं आणि जाहीर केलं, की येत्या भाऊबीजेला याच गाडीवर जायचं, आणि टिकटिकही या वेळी काढायचीच.

पुढे वर्षभर माझं स्वयंपाकघर माझं राहिलं नाही. मसाल्याच्या डब्यात स्प्रिंगा, पापडाच्या पाटावर नटबोल्ट. वॉल कसा दिसतो ते मी आता झोपेतही सांगेन: लोखंडाचं धोतऱ्याचं फूल, लांब दांड्याचं. ते आपल्या जागेवर असं घट्ट बसलं पाहिजे, की इंजिनाचा श्वास तिथून निसटता कामा नये. नवीन वॉल आणले, पण ते बसवायला कडेला खरखरीत मलम लावून दांडा दोन्ही तळहातांत धरायचा आणि घासत राहायचं, इकडून तिकडे, तिकडून इकडे. भाऊजींचे हात आता थरथरतात. मी दोन दिवस पाहिलं आणि म्हटलं, सरका तिकडे, पन्नास वर्षं ताक घुसळलंय मी.

घासून झालं की वरून रॉकेल ओतायचं आणि खाली पेपर ठेवायचा. सकाळी ओतलं, दुपारी पाहिलं तर राशिभविष्यावर ओला डाग. भाऊजी म्हणाले, "वयनी, लोनी नाय निंगालं अजून." पुन्हा घासलं. पुन्हा डाग, पण लहान. तिसऱ्या वेळी पेपर कोरडा ठणठणीत. त्या दिवशी मी शिरा केला, आणि तुपाला हात आखडला नाही.

शेवटी राहिल्या दोन सळया, वॉल ढकलणाऱ्या. त्या टापिटावर, म्हणजे खालच्या कमी-जास्त करता येणाऱ्या बोल्टावर, बसवायच्या. चिमटीत धरून फिरवली तर सळई फिरली पाहिजे, पण वर-खाली तसूभर हलली नाही पाहिजे; हलली की टिकटिक आलीच. "फिरली पायजे, हालली नाय पायजे." हे वाक्य त्यांनी घरात सगळ्यांना लावलं. माझ्या बांगड्यांना, दाराच्या कडीला. ह्यांच्या कवळीला लावलं तेव्हा मात्र हे भडकले, म्हणाले, कवळी फिरून कसं चालेल रे नान्या?

दिवाळीच्या तोंडावर गाडी चालू केली. तीन किका वाया गेल्या. चौथ्या किकेला अशी धडधडली, की ओट्यावरची मांजर तुळशीवर गेली. धबधब, धबधब, आणि टिकटिक नाही. भाऊजींनी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं, मग मूठ माझ्या कानाला दिली. कढईत पुरी सोडल्यावर येतो तेवढाच सुळसुळाट. गल्ली गोळा झाली. भाऊजींनी नांदगावच्या जुन्या सोबत्याला फोन लावून इंजिनापाशी धरला आणि सांगितलं, टिकटिक नाना मेला, सगळ्याइले सांगून दे.

मग आक्काला फोन लावला. तिनेही ऐकलं. म्हणाली, "गाडी मस्त हाय. पन कोनाची व्हय? तुही तं नाय."

भाऊजींनी "ठेवतो आक्का" म्हणून फोन बंद केला आणि ते पोतं गुंडाळू लागले. मला करंज्यांची घाई होती, मी आत गेले.

भाऊबीजेला ह्यांनी कंबर पुढे केली, म्हणून मागे मी बसले. सत्तरीची बाई, डोक्यावर हेल्मेट, मांडीवर चिवड्याचा डबा. बडनेऱ्यात कॉलेजच्या पोरांनी गाडीकडे पाहून अंगठे दाखवले. मला आधी वाटलं चिडवताहेत, मग मीही दाखवला. शंभर किलोमीटर गाडी एकदाही कुरकुरली नाही. भाऊजींची पाठ एवढी ताठ मी कधी पाहिली नव्हती.

बार्शीटाकळी हाकेवर आली आणि त्यांनी लिंबाखाली गाडी थांबवली. इंजिन थंड होऊ द्यायचं म्हणाले. अर्धा-पाऊण तास आम्ही चिवडा खाल्ला. मग त्यांनी पिशवीतून नट फिरवायचे तीन पाने काढले, इंजिनाच्या बाजूचं झाकण खोललं आणि वर्षभराच्या खटपटीने बसवलेलं एक टापिट थोडं ढिलं केलं. किक मारली. टिकटिक, टिकटिक.

मी सळईकडे बोट दाखवून म्हटलं, "भाऊजी, हे तर हलतंय."

"हालू द्या," ते म्हणाले, "आज हालू द्या."

नाल्यावरून वळलो तेव्हा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी वाजत होती. आक्का दारातच उभी होती, हाताने चौकट धरून. आत चुलीवर चहाच्या आधणाचा वास येत होता, आल्याचा. गाडी बंद झाली तशी ती म्हणाली, "नान्या, एवढा म्हातारा झाला, पन तुह्या गाडीचं टापिट काई बसलं नाय."

वर्षभरात हे कुणी म्हटलं असतं तर भाऊजींनी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्याशी भांडण केलं असतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो ना आक्का," ते तिच्या पायाशी वाकत म्हणाले, "बसतच नाय."