मे महिन्यातली पोपटी

पनवेल तालुक्यात माझ्याइतकी चांगली पोपटी लावणारा दुसरा माणूस नाही. असं कुणी म्हणत नाही, कारण लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. म्हणून मलाच म्हणावं लागतं.

घाटावरच्या मंडळींसाठी आधी सांगतो. पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, वांगी भरायची, ओवा आणि जाडं मीठ मारायचं, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. भांबुर्डा हे थंडीत बांधावर आपोआप उगवणारं झुडूप. त्याचा वास शेंगांत उतरला की पोट भरलेला माणूससुद्धा परत मांडी घालून बसतो. हे सगळं डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात पोपटी लावणारा माणूस आमच्याकडे आजवर झाला नव्हता. तो मी झालो.

त्याचं असं झालं, की आमच्या लेकीने, रूपाने, तिच्या ऑफिसातल्या अथर्वशी लग्न करायचं ठरवलं. अथर्व मंठाळे, लातूरचा. मुलगा लाखात एक. अडचण एवढीच, की त्यांचं घर पक्कं शाकाहारी आणि आम्ही घरत म्हणजे खाडीकाठचे, मासळीशिवाय ज्यांचा घास उतरत नाही असे. अथर्वच्या आई म्हणत होत्या, "मासे खाणाऱ्यांच्या घरात आपली सोयरीक कशी जमायची?" तीन महिने दोघांनी मिळून त्यांना विनवलं, तेव्हा कुठे त्या एकदा घर बघून जायला तयार झाल्या. बघू, मग ठरवू, असं त्यांचं म्हणणं.

रूपाने मला समोर बसवलं. "बाबा, एकच दिवस. घरात माशाचं नाव नको. साधा वरणभात, आमरस, पुरी. आणि तुमची शायनिंग नको."

"मी कधी शायनिंग करतो?" मी विचारलं. तिने आईकडे बघितलं, आईने छताकडे बघितलं.

पण अथर्वच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी काय करणार? मंठाळे सर निवृत्त शिक्षक, बोलायला अगदी मऊ. म्हणाले, "घरतसाहेब, चाळीस वर्षांपूर्वी मी पनवेलला नोकरीला होतो. तिथे एकदा मित्रांनी शेतावर पोपटी खाऊ घातली होती. निव्वळ शेंगांची हो. पण तशी चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही."

"त्यात काय सर, लावू की पोपटी!"

"आता? मे महिन्यात?"

"तुम्ही या तर खरं."

मागे माझी बायको रमा हातात लाटणं घेऊन नको नको करत होती. मी तिच्याकडे पाठ केली.

वालाच्या शेंगांची मला चिंता नव्हती. जानेवारीतच तीन किलो फ्रीजरमध्ये टाकल्या होत्या. त्यांच्यामुळे रमाला चार महिने बर्फ लावता आला नव्हता, पण दूरदृष्टी असली की घरच्यांना थोडा त्रास होतोच. राहिला भांबुर्डा. मी बाजारात ठमाबाईकडे गेलो. ठमाबाई डोंगरातून रानभाजी आणि मोळ्या घेऊन येते. अख्ख्या रानाची तिला माहिती.

"भांबुर्डा?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "दादा, तो जळून मातीला मिळाला कदीच. आता करवंदं घे."

"करवंदांनी मडकं बंद होतं का?"

"मग थंडीत ये. ज्याची त्याची येळ असते."

येळ म्हणे. मी केळीची पानं घेतली आणि वर कुंडीतल्या ओव्याची मूठभर पानं खुडली. कलाकाराला साहित्य अडवत नाही.

मडकं घरचंच. माझ्याकडे पोपटीची दोन मडकी होती, एकाच कुंभाराची, दोन्ही जाळाने काळी कुळकुळीत झालेली. त्यातलं एक सासूबाई फेब्रुवारीत घेऊन गेल्या होत्या. कशाला, ते मी विचारलं नव्हतं. तिथे चुकलं, असं आता सगळे म्हणतात.

रविवारी सकाळी मी मडकं भरलं. शेंगा, रताळी, बटाटे, ओवा, मीठ, वर केळीची पानं ठोसून ठोसून. परसदारी जांभळाखाली लाकडं रचली, शेजारी मडकं ठेवलं आणि दाढी करायला आत गेलो.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई आल्या. रंभाबाई, मुक्काम मोरा बंदर. एसटीत दोन तास मांडीवर मडकं धरून बसलेल्या. तेच, माझंच, फेब्रुवारीतलं. पावसाळ्यात होड्या बंद होतात, मासळी मिळत नाही, म्हणून आमच्याकडे मे महिन्यातच सुकी मासळी भरून ठेवतात. सासूबाईंनी महिनाभर धक्क्यावर उन्हात बसून सुकवलेले बोंबील, सोललेल्या कोळंबीचे सोडे आणि बांगडे लेकीसाठी त्या मडक्यात भरले होते. खाली कडुलिंबाचा पाला, वर केळीची पानं ठोसून ठोसून, त्यावर फडकं.

रमाने त्यांना दारातच अडवलं. "आई, आजच? पाव्हणे शाकाहारी आहेत गं!"

"मंग काय जालं? मी काय त्यांच्या ताटात वारते हाय?"

रमाने घाईघाईने मासळीचं मडकं लांब परसदारी नेऊन लाकडांशेजारी ठेवलं. आणि माझ्या शेंगांना वास लागू नये म्हणून माझं मडकं उचलून स्वयंपाकघरात आणलं. बाई हुशार आहे, यात वाद नाही. मी गालाला साबण लावून उभा असताना तिने मला सांगायचा प्रयत्नही केला.

"अहो, ऐका, ते मडकं आहे ना..."

"मडक्यातलं मला सांगू नकोस, रमा. तीस वर्षं पोपट्या लावतोय."

"अहो, पण..."

"तू पुऱ्यांचं बघ."

ती पुऱ्यांचं बघायला गेली. माझं ऐकलं की ती फार अक्षरशः ऐकते.

अकराला पाहुणे आले. मंठाळे सर, मंठाळेकाकू आणि अथर्व. ऊन असं, की कौलावर पापड भाजावा. जांभळाच्या सावलीत खुर्च्या टाकल्या, कोकम सरबत दिलं. काकू खुर्चीच्या टोकावर बसून घराकडे, अंगणाकडे, दोरीवरच्या कपड्यांकडेसुद्धा निरखून बघत होत्या. सासूबाईंनी त्यांना थेट विचारलं, "पोर कशी वाटली आमची?" काकू म्हणाल्या, "पोर गुणीच आहे हो. घराचं बघायचंय." रूपा ओढणीचं टोक पिळत उभी होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आज पोपटी अशी लागली पाहिजे, की काकूंनी स्वतः तारीख काढावी.

मी मडकं उचललं. जरा हलकं लागलं. म्हटलं, पन्नाशी उलटली तरी दंडात जोर आहे. तोंडाला फडकं बांधलेलं होतं. ही रमाची काळजी. फडकं सोडलं, मडकं उपडं केलं, लाकडं लावली, पेंढा पेटवला.

"आता तीस-चाळीस मिनिटं मडक्याला कुणी हात लावायचा नाही," मी सांगितलं. "मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र करून उडालं की झाली. मधे उघडून बघणारा तो पोपटीवाला नव्हे."

दहा मिनिटांत वास सुटला.

मला सर्दी होती हे मी आधी सांगायला हवं होतं. मला फक्त धूर कळत होता. पण कुंपणावर एक मांजर येऊन बसलं. मग दुसरं. मग आळीतली सगळी मांजरं ओळीत बसली, पंगतीला बसल्यासारखी, शेपट्या आवरून.

सरांनी नाक वर केलं. "घरतसाहेब, भांबुर्ड्याचा वास..."

"भांबुर्डा नाही सर, केळीचं पान. त्याचा वास जरा वेगळा."

काकूंनी पदर नाकाला लावला. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या कुबराभाभींचं डोकं वर आलं. "नीलेशभाई, बोंबील भाजताय? माशाल्ला, खुशबू आमच्या हॉलपर्यंत आली."

"भाभी, शाकाहारी पोपटी आहे!"

"अच्छा," भाभी कुंपणाकडे बघत म्हणाल्या. "मग या मांजरांना सांगा ना, तासभर बसून फुकट जातील बिचारी."

रूपा माझ्या कानाशी आली. "बाबा, उघडून बघा."

"नियम म्हणजे नियम."

"बाबा, प्लीज."

तिचा आवाज रडवेला झाला होता, तरी मी पाणीच शिंपडलं. चर्र झालं. निखारे बाजूला सारले, मडकं दोन फडक्यांत धरलं आणि सगळ्यांच्या मधोमध, धुतलेल्या केळीच्या पानावर, मोठ्या ऐटीत रिकामं केलं.

बोंबील पडले. सोडे पडले. दोन बांगडे पडले, खरपूस भाजलेले. शेवटी कडुलिंबाचा पाला पडला.

एक मांजर कुंपणावरून उतरलं.

"माजी मासली!" सासूबाई कपाळावर हात मारून खाली बसल्या. "म्हयनाभर कावल्यांशी भांडून सुकवली रे! जावय हाय का कोन हाय तू!"

स्वयंपाकघराच्या दारात रमा उभी होती. तिच्या हातात झारा होता. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

काकू उठल्या. त्यांनी पर्स उचलली. अथर्व "आई, आई" करत मागे गेला. रूपाच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या तीस वर्षांच्या पोपट्यांची लाज वाटली. लेकीने एक दिवस मागितला होता. एकच दिवस. तोही मला देता आला नाही.

आणि सर? सर पानावर वाकले होते. डोळे मिटलेले. त्यांनी छाती भरून वास घेतला आणि भान नसल्यासारखे बोलून गेले, "हाच. अगदी हाच वास."

काकू फाटकाशी थांबल्या. "हाच म्हणजे कुठला?"

सरांनी डोळे उघडले. वर्गात कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखे दिसत होते.

"तुम्ही तर निव्वळ शेंगा म्हणाला होतात," काकू परत आल्या.

"शेंगाच होत्या गं. बहुतेक. आमचा एक काळूराम होता, त्याने मडकं भरलं होतं. मी... विचारलं नाही."

"खाताना कळलं नाही?"

सरांनी केळीच्या पानावरचा एक बोंबील बोटाने सरळ केला. "कळलं," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा."

काकूंनी पर्स खुर्चीवर आपटली. मला वाटलं, आता इथे दोन लग्नं मोडणार. पण काकू सरांना सोडून रमाकडे वळल्या.

"ऐकलंत ना? लग्नाला अडतीस वर्षं झाली. दर थंडीत मी या माणसासाठी शेंगा भाजते. ओवा बदलून बघितला. मीठ बदललं. बहिणीला सांगून मडकं आणवलं. दर वर्षी खाऊन हे म्हणतात, छान झालंय, पण ती चव नाही. मला वाटायचं, माझ्या हातालाच चव नाही." त्यांनी केळीच्या पानाकडे बोट केलं. "आणि चव कशाची होती, तर वाळलेल्या बोंबलाची!"

आधी सासूबाई हसल्या. मग रमा. मग काकूंना स्वतःलाच आवरेना. डोळे पुसत पुसत त्या खुर्चीत बसल्या, आणि या वेळी खुर्चीच्या टोकावर नाही, चांगल्या ऐसपैस. रूपाला त्यांनी जवळ ओढलं.

"रडू नकोस गं. अडतीस वर्षांचं ओझं आज उतरलं माझं. घर बघायला आले होते, बघितलं. तुमच्या घरात काही लपत नाही, मडक्यातलंसुद्धा. आमच्याच घरात लपतं." मग सरांकडे वळून, "तुमच्याशी मी लातूरला बोलते."

आता तुम्ही विचाराल, पाहुणे जेवले काय? आमरस, पुरी आणि पोपटी. हो, पोपटी. माझं मडकं घरात आणल्यावर रमाने शेंगा, रताळी, बटाटे कुकरात काढले, वर ओव्याची पानं घातली आणि तीन शिट्ट्या दिल्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुमचा भरवसा नव्हता." काकूंनी तीनदा वाढून घेतलं आणि मला म्हणाल्या, "भाऊ, शेंगा मात्र झकास भाजल्यात हो." मी मान डोलावली. घरात काही लपत नाही म्हणतात, पण एवढं लपलं.

हे सगळं मी तुम्हाला मोऱ्याच्या धक्क्यावरून सांगतोय. सासूबाईंची मासळी मी घालवली, म्हणून नवी मासळी सुकवायला मलाच बसवलंय. डोक्यावर टॉवेल, हातात काठी. कावळे मला अजिबात घाबरत नाहीत.

काल सरांचा फोन आला. अगदी हळू बोलत होते, बहुधा गच्चीवरून. लग्न डिसेंबरात धरलंय. म्हणाले, "व्याही, तेव्हा पोपटी नक्की ना?"

"एकदम नक्की. अस्सल भांबुर्ड्याची."

"ते झालंच हो," सर म्हणाले. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "तेवढं मडकं मात्र परत चुकवा."

चुकवतो म्हणालोय. पण तुम्हाला म्हणून सांगतो, मुद्दाम चुकायची मला सवय नाही.