नऊ जणांचा नंबर

प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायची मुदत त्या शनिवारी संपत होती आणि संध्याकाळी पाचपर्यंत नूपुरचे दोन ओटीपी चुकले होते. तिसरा चुकला की खातं चोवीस तास बंद. म्हणजे बाबांच्या ठेवींवर कापलेले नऊ हजार चारशे रुपये सरकारकडे परत मागायचे राहूनच जाणार.

बाबांना, रघुवीरांना, जाऊन सात महिने झाले होते. वारस म्हणून नूपुरची नोंद कधीच झाली होती. फक्त गेल्या वर्षीचे आकडे घ्यायला बाबांच्या खात्यात एकदा शिरायचं होतं, आणि त्याचा ओटीपी बाबांच्याच मोबाइलवर येई. तो मोबाइल आई, मृणालिनीबाई, रोज चार्ज करून ठेवत असे. हे काम उरकलं की सोमवारी तो नंबर बंद करायचा, असं नूपुरने ठरवलं होतं.

"आई, चष्मा लावून नीट सांग."

"लावलाय. दोन्ही वेळा बरोबरच वाचला. पण एवढे येतात, त्यातला आपला कुठला ते कुठे लिहिलेलं असतं?"

"एवढे म्हणजे किती?"

"आज सकाळपासून सतरा."

नूपुर काही बोलणार तोच चौदा नंबरचे रमाकांतकाका दारात आले.

"वहिनी, माझा आला का?"

"आत्ता दोन आलेत," मृणालिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "आधी पहिला टाकून बघा. नाही उघडलं तर दुसरा."

मग उलगडा झाला. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून रघुवीर मजल्यावरच्या नऊ जणांची विवरणपत्रं भरत, आणि मोबाइलच्या रकान्यात बेधडक स्वतःचा नंबर घालत. लोक मेसेज पुसून टाकतात, काम आपल्या हातात राहिलेलं बरं, हा त्यांचा खाक्या. यंदा ज्याने त्याने भाचा, पुतण्या नाहीतर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला गाठला होता. ओटीपी मात्र गिरगावातल्या याच खोलीत येत होते, आणि गेले पंधरा दिवस मृणालिनीबाई ते वाटत होत्या.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? आणि येतात गं माणसं. चहा घेतात, दोन शब्द बोलतात."

आता मार्ग एकच होता. आधी सगळ्यांचे नंबर बदलायचे, मग बाबांचा फोन शांत होईल आणि येईल तो ओटीपी आपलाच असेल. रमाकांतकाकांनी गॅलरीत बातमी फिरवली. दहा मिनिटांत दारात रांग लागली आणि रांगेतल्या तिघांनी, आपला नंबर येईपर्यंत जरा बघूया म्हणून, आपापल्या फोनवर बटणं दाबली. बाबांचा मोबाइल टेबलावर थरथरत सरकू लागला.

"फोन खिशात," मृणालिनीबाई उठून म्हणाल्या. "खोलीच्या क्रमाने यायचं. मध्ये कोणी बोट लावलं तर तो शेवटी."

पहिल्या आल्या बकुळाकाकू.

"काकू, तुमचा नवा नंबर?"

"माझो साधो फोन गो बाय. मेसेज इलो तरी माका वाचूक येणा नाय."

"मग मुलाचा सांगा."

"तो मस्कताक. सा म्हयन्यांनी नंबर बदलता."

रांग खोळंबली होती. नूपुरने तात्पुरता म्हणून स्वतःचा नंबर घातला. रमाकांतकाका मागून वाकून बघत होते.

"माझ्यासाठी पण तोच टाक."

"काका, तुमच्याकडे तर दोन नंबर आहेत."

"एकाचा रिचार्ज संपलाय, दुसऱ्याचा संपत आलाय. तू नोकरीवाली. तुझा चालू राहणार."

यात तथ्य होतं. पुढच्या सात जणांनी कारणही दिलं नाही. समोर बसायचं, "तोच" म्हणायचं आणि चहाचा कप उचलायचा.

साडेसातला रांग संपली. बाबांच्या फोनवर एकच मेसेज आला. मृणालिनीबाईंनी तो वाचला, खातं उघडलं, आणि पावणेआठला परताव्याचा अर्ज गेला.

"झालं?"

"झालं."

फोन हातात धरून मृणालिनीबाई थोडा वेळ थांबल्या. तो वाजला नाही.

"सोमवारी करून टाक बंद," त्या म्हणाल्या आणि कणीक मळायला उठल्या.

मंगळवारी नूपुर परळच्या ऑफिसात मीटिंगला बसली होती. तिचा फोन लागोपाठ तीनदा थरथरला, मग वाजलाच. ती बाहेर पॅसेजमध्ये आली.

"नूपुर, रमाकांतकाका. परतावा कुठवर आला बघतोय. ओटीपी आला असेल बघ."

तीन आले होते. तिने शेवटचा वाचला. "चार शून्य सात सात दोन नऊ."

"अगं, हळू. रघुवीर एकेक आकडा सांगून थांबायचा. लिहिला म्हटल्याशिवाय पुढे जायचा नाही."

काचेच्या दारापलीकडे साहेब घड्याळ बघत होते. नूपुरने त्यांच्याकडे पाठ केली.

"चार," ती म्हणाली आणि थांबली.

"लिहिला."