डॉक्टर बिराजदार चहाला येत नाहीत

आमच्या शेजारचे डॉक्टर बिराजदार माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नसत, किडनीवरून ओळखत. एकदा बाजारात एका गृहस्थांनी त्यांना नमस्कार केला. डॉक्टर नुसते बघत राहिले. "माढ्याचा मी. मागं माझी किडनी तपासली होती तुमी," गृहस्थ म्हणाले. डॉक्टरांचा चेहरा उजळला. "तुम्ही होय. लई देखणी किडनी होती की." आभार मानावेत की घाबरावं, हे त्या गृहस्थांना कळेना.

सोलापुरातल्या एका दवाखान्यात ते पॅथॉलॉजिस्ट होते. रोग्याच्या किडनीतून सुईने काढलेला बारीक तुकडा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून बघणं, हे त्यांचं काम. चादर घ्यायला गेले तरी ती उजेडाकडे धरत आणि दुकानदाराला सांगत, "कडेची वीण सुजलीय." घरात एकटेच. रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला येत, पहिला घोट घेऊन "साखर जास्त झाली, वहिनी" म्हणत आणि दुसरा कप मागत.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी माझ्या पत्नीच्या, सुमनच्या, गालांवर लाल चट्टे उठले. मग सांधे धरले, पाय सुजले. ल्यूपस निघाला, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार. तो किडनीत किती शिरलाय, हे बायॉप्सीतूनच, म्हणजे सुईने तुकडा काढूनच, कळणार होतं. किडनीत रक्त गाळणाऱ्या ज्या बारीक गाळण्या असतात, त्यांतल्या थोडक्यांनाच लागला असेल तर गोळ्यांवर निभावणार होतं. सगळ्याच धरल्या असतील, तर त्या काळी डॉक्टर फारसं बोलत नसत.

बायॉप्सी झाली, तुकडा बिराजदारांकडेच गेला आणि ते चहाला यायचे बंद झाले. जिन्यात मी दिसलो की उलटे वर जात.

मला प्रत्येक गोष्टीत स्वतःचा अपराध शोधायची सवय आहे. या आजाराला ऊन वाईट, आणि गच्चीवर कुरडया वाळत घालायला सुमनला मीच पाठवलं होतं. तो अपराध होताच. आता डॉक्टरांचाही काही केला असणार. आठवून आठवून एवढंच आठवलं, की त्यांचा कानडी रेडिओ मी एकदा हळू लावायला सांगितला होता.

"नाहीतर रिपोर्ट वाईट असेल," मी सुमनला म्हणालो. "म्हणून तोंड चुकवतायत."

"आधी जेवा," ती म्हणाली. "आणि रेडिओचं इतकं मनाला लावून घ्यायला ते म्हणजे काय तुम्ही आहात?"

शेवटी मी त्यांना फाटकात गाठलं. त्यांच्या हातात प्रवासाची पिशवी होती.

"डॉक्टर, काय दिसलं?"

"ज्याचा तुकडा तपासायचा त्याच्या घरचा चहा मी घेत न्हाय," ते माझ्या चपलांकडे बघत म्हणाले. "काचेवरचं नावसुद्धा कागद लावून झाकतो. ओळख मधी आली की डोळा लबाडी करतो, मास्तर." आणि ते एस.टी. स्टँडच्या दिशेने निघून गेले.

त्यांच्या दाराला कुलूप लागलं. माझं शाळेत लक्ष लागेना. मग एका संध्याकाळी ते चुरगळलेल्या शर्टात आमच्या दारात उभे.

"वहिनी, चहा."

सुमनने स्टोव्ह पेटवला.

"थोड्या गाळण्या सुजल्यात," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "बाकीच्या शाबूत हायत. तारेच्या वेटोळ्यागत जाड झालेल्या, ज्यांची मला भीती होती, तसल्या कुटंच न्हायत. गोळ्या नेमानं घ्यायच्या, मीठ कमी, उन्हात जायचं न्हाय."

मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. "गेला होतात कुठे तुम्ही?"

"पुण्याला. काच घेऊन देसायाकडं. त्यानं बी हेच सांगितलं."

देसाई म्हणजे त्यांचा वर्गमित्र. त्याला ते 'आंधळा' म्हणत. दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं.

"तुम्हाला उमगलं नाही?"

"उमगलं की. पहिल्यांदा बघितलं, चांगलं दिसलं. परत बघितलं, परत चांगलंच. म्हणून तर विश्वास बसेना." त्यांनी स्टोव्हवरच्या चहाकडे बघितलं. "नाव झाकलं होतं, मास्तर. पण इतकी वर्षं चहा प्यालो की."

सुमनने कप पुढे केला. डॉक्टरांनी घोट घेतला.

"साखर जास्त झाली, वहिनी," ते म्हणाले.

मी माझा कप तोंडाला लावला. सुमन साखर घालायचीच विसरली होती.