भगीरथ रेड्याचा खोल टब

एका जंगलात नळ होता. हसू नका. जंगलात नळ नसतो हे मलाही कळतं, पण गोष्ट मी सांगतोय. तर त्या नळाला सकाळी थोडा वेळ पाणी यायचं. ते कधी जाईल हे फक्त पाणी सोडणाऱ्या माकडाला ठाऊक असायचं, आणि माकड कोणाशी बोलायचं नाही.

तिथे भगीरथ नावाचा एक रेडा राहायचा. त्याची बायको कालिंदी म्हैस. भगीरथने जन्मभर ओंडके ओढले होते, त्यामुळे त्याची पाठ दुखायची. बसला की उठवत नसे, उठला की बसवत नसे. जंगलातले वैद्य केसकर, म्हणजे एक अस्वल, त्यांनी पाठ दाबून पाहिली.

"रोज पाठ बुडेल एवढ्या पाण्यात पडून राहा," ते म्हणाले. "दुसरं औषध नाही."

घरात टब होता, पण उथळ. भगीरथ त्यात बसला की पोट भिजायचं, पाठ कोरडी. मग तो उताणा व्हायचा. पाठ भिजायची, पण चारही पाय छताकडे. अशा अवस्थेत असताना एकदा कालिंदीच्या भिशीच्या मैत्रिणी हात धुवायला आत आल्या. तेव्हापासून ते बंद.

"अगं, खोल टब घेऊ या," भगीरथ म्हणाला. "एकदा तरी पाठ पाण्याखाली गेली पाहिजे गं."

त्याने हे असं काही म्हटलं की कालिंदीला भरून आलं. ती वाईट नव्हती, बरं का. गोष्टीतल्या बायका वाईट असतात असं कोणी तुम्हाला शिकवलं असेल, तर ते विसरा.

टबाच्या दुकानात एक बगळा होता. तो स्वतः टबात उतरून उभा राहिला. बाहेरून नुसती चोच दिसत होती. कालिंदीला टब तिथेच पसंत पडला.

जुना टब शेजारच्या साळींदराला देऊन टाकला. नव्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आळीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पाणी आलं आणि टब काठोकाठ भरला. भगीरथ टॉवेल गुंडाळून तयारच होता. त्याने पाय उचलला.

"अहो, थांबा," कालिंदी म्हणाली. "एवढं चांगलं भरलेलं पाणी, त्यात पाय घालणार?"

"त्यासाठीच घेतला ना टब?"

"हो, पण उद्या पाणी आलं नाही तर? त्या माकडाचा काय भरवसा? उद्या बसा."

भगीरथने पाय खाली ठेवला. टबाशेजारी पाट मांडला, टबातलं पाणी तांब्याने घेऊन अंघोळ केली. पाठीपर्यंत काही पाणी पोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं.

"आज बसू?" भगीरथने विचारलं.

"त्यात? ते कालचं आहे, शिळं. आधी उपसा, मग ताजं भरू."

टबाला खाली बूच होतं. पण ते काढायचं नाही, पाणी वाया जातं, असा घरात नियम झाला होता. भगीरथने वाकून वाकून टब उपसला आणि पाणी झाडांना घातलं. ताजं पाणी भरलं. आणि ताज्या पाण्यात तर पाय घालायचा नसतो, हे आता तुम्हालाही कळलं असेल. मग हे रोजचंच झालं. भिंतीपलीकडे साळींदर जुन्या टबात डुंबत गाणं म्हणायचं. इकडे भगीरथ उपसायचा.

एकदा खरंच पाणी आलं नाही. अख्खं जंगल हंडे घेऊन दारात. कालिंदीने सगळ्यांना पाणी दिलं. "बघा, म्हणत नव्हते मी?" ती नवऱ्याला म्हणाली. भगीरथ वाकून पुढचा हंडा भरत होता. त्या दिवसापासून जंगलात कालिंदीताईंना फार मान मिळू लागला.

शेवटी भगीरथची पाठ धरली ती धरलीच. वैद्य केसकर घरी आले.

"पाण्यात पडून राहता ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय? खास टब घेतलाय," कालिंदी म्हणाली. "या ना, बघा तरी."

वैद्यांनी आत डोकावून पाहिलं. टब त्यांना फारच आवडला. तांब्याभर पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि भगीरथकडे वळले.

"एवढ्या पाण्यात राहूनही दुखतंय, म्हणजे दुखणं पाठीत नाहीच. ते मनात आहे. जरा आनंदी राहायला शिका."

वैद्य गेले. भगीरथ भिंतीला धरून टबाशी आला. पाण्याकडे बघत उभा राहिला. त्याला रडू येत होतं.

"कालिंदी, मी एकदाच बसू का गं?"

कालिंदीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिचा जीव होता हो त्याच्यावर.

"बसा की. मी कधी नाही म्हटलंय का? फक्त पाठ बरी होऊ द्या. अशा पाठीने आत उतराल, आणि मग बाहेर कोण काढणार तुम्हाला?"

तात्पर्य: टब घ्यायचा तर खोलच घ्यावा. उथळ टबात कोणीतरी बसून अंघोळ करील अशी भीती असते.