जेवणाची पेशगी

घरच्या खाण्याला पाहुण्यानं नावं ठेवली की यजमानाचं तोंड उतरतं, ही जगाची रीत. गुंडेरावांचं सगळंच उलटं. पाहुण्यानं तोंड वाकडं करून "हे काय खाणं झालं?" म्हटलं, की त्यांच्या मिशा फुलायच्या. "मास्तर, पुन्हा एकदा सांगा. जरा मोठ्यानं," असं ते मला म्हणायचे आणि मी मोठ्यानं सांगितलं की स्वयंपाकघराकडे मान वळवून ओरडायचे, "ऐकलंस का? मास्तर म्हणतात, हे खाणंच नाही." स्वतःच्या अपमानाची अशी दवंडी पिटणारा दुसरा माणूस मी परंड्यात पाहिला नाही, आणि परंड्यात मी एकाहून एक नग पाहिले आहेत.

हे खाणं म्हणजे टोस्ट. पावाचा काप शेगडीवर धरून काळा करायचा. गुंडेराव याला भाजणं म्हणत. आम्ही शाळेत त्याला जळणं असं शिकवत होतो. त्यावर चीज म्हणून एक पांढरा लेप थापायचा आणि लेपावर फळाची फोड बसवायची. कुठलं फळ, ते आठवडी बाजारावर. केळं असो, पेरू असो, पपई असो, टोस्टापुढं सगळी फळं सारखीच दुर्दैवी. सीताफळाच्या दिवसांत आमच्या हेडमास्तरांनी एका टोस्टातून इतक्या बिया काढल्या, की त्या किल्ल्याच्या खंदकात टाकल्या असत्या तर खंदक बुजला असता. पाव बार्शीहून एसटीच्या टपावर बसून येई आणि येताना धुरळ्यानं इतका तयार होई, की किल्ल्यावरच्या तोफेत घालून उडवला तर समोरचा बुरूज पडावा.

चीजची कथा याहून करुण आहे. पहिला डबा गुंडेरावांनी ड्रायव्हरच्या हातापाया पडून सोलापूरहून मागवला. तो उघडेना. लोहाराकडं नेला. लोहारानं छिन्नी लावली, झाकण उडालं आणि जो वास सुटला त्यानं भात्याजवळ बांधलेला बैल दावं तोडून कुर्डूवाडीच्या रस्त्याला लागला. पुढं डबा परवडेना म्हणून त्यांनी घरीच उद्योग मांडला. चांगलं दूध लिंबू पिळून नासवायचं, त्याचा गोळा जुन्या उपरण्यात बांधायचा आणि ओसरीच्या खुंटीला टांगायचा. खाली बसणाऱ्याच्या टोपीत पाणी ठिबकायचं. दूध नासलं तर बायका हळहळतात. हा गृहस्थ ते हौसेनं नासवतो, यावर सगळ्या गल्लीनं कपाळावर हात मारून घेतला होता. पितृपंधरवड्यात कुणीतरी मुद्दाम एक टोस्ट पत्र्यावर ठेवला. कावळा शिवला नाही एवढंच नाही, तर त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पितरांना जेवायला पलीकडच्या गल्लीत जावं लागलं.

हा माणूस तहसील कचेरीत कारकून होता. शिक्षण उर्दूत झालेलं. हैदराबाद संस्थान गेलं, राज्यं बदलली, कचेरी मराठीत आली, तरी गुंडेरावांची मराठी शेरवानी घालूनच बाहेर पडायची. न आवडलेली प्रत्येक गोष्ट "वाहियात". टोस्टाला त्यांनी नाव दिलं होतं "जेवणाची पेशगी", म्हणजे जेवणाचा आगाऊ हप्ता. पाहुणा ओसरीवर टेकला, की पाणी आणि गूळ द्यायच्या आधी बशी पुढं. "घ्या, पेशगी घ्या. हे जेवण नाही बरं का. जेवण मागून." हैदराबादला बड्या साहेबांच्या दावतीत आधी पेशगीच येते, असं ते सांगायचे. त्या दावती त्यांनी फाटकाच्या कोणत्या बाजूनं पाहिल्या, हे मी कधी विचारलं नाही. मला माहीत होतं.

खरं तर हे खूळ हैदराबादचं नव्हतंच, बार्शीचं होतं. पूर्वी गुंडेराव चारचौघांसारखे होते. एकदा त्यांच्याकडं मोठी पंगत होती. वाढता वाढता त्यांच्या पत्नी अंबूवहिनींना घेरी आली आणि आमटीच्या भांड्यासकट त्या खाली बसल्या. चुलीची धग लागली, कुणाची तरी नजर लागली, असं जो तो म्हणाला. गुंडेराव त्यांना बार्शीच्या डॉक्टरकडं घेऊन गेले आणि परत आले ते काखेत पाव घेऊन. बायकोला दाखवायला गेलेला माणूस येताना हॉटेलातलं खूळ घेऊन येतो, यावर आम्ही पुढं कित्येक महिने हसलो. वहिनींच्या बार्शीच्या खेपा तेव्हापासून चालूच होत्या, आणि गुंडेरावांचे टोस्टही.

आणखी एक खोड होती. बशी फिरवून झाली, की गुंडेराव बोलता बोलता थांबायचे, डावा कान स्वयंपाकघराकडं लावायचे आणि तसेच बसायचे. मग एकदम खुलून म्हणायचे, "चला, पानं मांडा." तोपर्यंत पाहुणा भुकेनं मेला तरी पान मांडलं जात नसे. उजवा कान निकामी असावा, असा माझा अंदाज होता.

अशात पुणे भागातले नवे तहसीलदार परंड्याला आले. साहेब तापट, शब्दाला शब्द सहन न होणारे. येताच बदल्यांची यादी काढणार अशी हवा पसरली आणि यादीत गुंडेरावांचं नाव आहे, गाव लोहारा, असंही कुणी सांगितलं. लोहारा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. गुंडेराव माझ्याकडं आले. मी त्यांना कधी इतकं बारीक आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

"मास्तर, मला कुठंबी टाका, पण बार्शी सुटायला नको. हिला त्याच डॉक्टरचा गुण आहे."

मी सल्ला दिला तो साधा होता. साहेबांना जेवायला बोलवा. वहिनींच्या हातची पुरणपोळी आणि येळवणीची आमटी खाल्ल्यावर हाडवैरीसुद्धा बदली रद्द करील. फक्त टोस्ट नको. गुंडेरावांनी नकाराची मान हलवली. मी शपथ घालू लागलो. ते म्हणाले, "मास्तर, पाहुणा आला की पेशगी आलीच." मी म्हणालो, बदलीपेक्षा टोस्ट मोठा आहे का. तर हा गृहस्थ विचार करायला लागला. अशा माणसाला काय म्हणावं? मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की हे कुटुंब लोहाऱ्याला गेलं समज.

ठरल्या दिवशी साहेब आले. मीही होतो. माझी जागा अशी पडली, की समोर स्वयंपाकघराचं दार आणि दारातून चुलीपुढच्या वहिनी दिसत होत्या. पहाटेपासून पुरणावर होत्या, चेहरा ओल्या राखेसारखा झाला होता. साहेब टेकतात न टेकतात तोच गुंडेरावांनी बशी पुढं केली. जळका पाव, घामेजलेलं चीज, वर पेरूची फोड. मी मनात लोहाऱ्याच्या एसटीचं तिकीट फाडलं.

साहेबांनी घास घेतला. चावला. डोळे मोठे केले.

"वा," ते म्हणाले. "अहो, पुणं सोडल्यापासून असं काही खाल्लं नव्हतं. गुंडेराव, हे तर जेवणच झालं."

परंड्याच्या इतिहासात टोस्टाला मिळालेली ही पहिली दाद. मी जागच्या जागी गार पडलो. बदली टळली, बार्शी वाचली, गुंडेरावांनी आता फक्त हात जोडायचे आणि गप्प बसायचं होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं, तर त्यांचा चेहरा उतरलेला.

"नाही साहेब," ते म्हणाले. "जेवण नाही हे. पेशगी आहे."

साहेबांना तो विनय वाटला. ते आणखी खुलले आणि आवाज चढवून म्हणाले, की असं पोटभर जेवण त्यांना मुक्कामाच्या बंगल्यावरसुद्धा मिळालं नव्हतं.

"साहेब, वाहियात चीज आहे," गुंडेराव म्हणाले. "याला जेवण म्हणू नका. आपला शब्द परत घ्या."

साहेबांचा हात बशीवरच थांबला. आपल्या कचेरीतला कारकून आपल्याला शब्द परत घ्यायला सांगतो आहे, हे त्यांच्या कपाळावर हळूहळू उमटत गेलं. "मी खोटं बोलतो, असं म्हणायचंय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

या माणसाचं डोकं फिरलं म्हणून मी नजर चुकवली, ती सरळ स्वयंपाकघरात गेली. चुलीपुढं अंबूवहिनी बसल्या होत्या. हातात टोस्ट होता, अर्धा खाल्लेला. साहेबांचं "जेवण" आत पोचलं असणार, कारण घास हातात तसाच थांबला होता. माझ्यादेखत त्यांनी तो टोस्ट ताटलीत परत ठेवला, पदराला बोटं पुसली, आणि उठताना भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

आमच्याकडं घरची बाई पाहुण्याच्या आधी जेवत नाही. पाहुणा उशिरा आला तर उशिरा, न आला तर तशीच. देवाचा नैवेद्य आणि पाहुण्याचं पान झाल्याशिवाय वहिनींनी आयुष्यात घास तोंडात घातला नव्हता. त्यांच्या आईनंही नव्हता घातला. बार्शीच्या डॉक्टरनं उपाशी पोटाबद्दल काय सांगितलं असेल, ते मला त्या भिंतीवरच्या हातानं सांगितलं. आणि गुंडेरावांचा डावा कान कशासाठी टवकारलेला असतो, तेही.

मी घसा साफ केला. टोस्टाला मी आजवर पुष्कळ शिव्या दिल्या होत्या, पण त्या फुकटच्या होत्या. आज कामाच्या दिल्या.

"साहेब, तुम्ही आमच्या भागात नवे आहात," मी शाळेच्या पटांगणावरचा आवाज काढला, "म्हणून फसलात. याला जेवण म्हणणं म्हणजे भाकरीची विटंबना आहे. हे खाणंच नव्हे. गुरं शिवत नाहीत, कावळा शिवत नाही. उपासाला चालेल इतकं खाण्यापासून लांब आहे हे. हे खाल्लं काय आणि न खाल्लं काय, माणूस उपाशी तो उपाशीच."

"ऐकलंस का?" गुंडेराव आत ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. "मास्तर म्हणतात, खाणंच नाही हे."

मग आतून टोस्ट चावल्याचा आवाज आला. कुर्रर. थोड्या वेळानं पुन्हा, कुर्रर.

गुंडेरावांच्या मिशा हलल्या. "चला," ते म्हणाले, "पानं मांडा."

साहेबांनी पुरणपोळी खाल्ली, आमटीचे भुरके मारले आणि जाताना कुणाशीही एक शब्द बोलले नाहीत. आठवडा उलटायच्या आत हुकूम आला. लोहारा. टोस्टानं माणूस खाल्ला, असं गावात जो तो म्हणाला. मी काही बोललो नाही, आणि मी बोललो नाही हीसुद्धा गावात बातमी झाली.

एसटी स्टँडवर ट्रंकांवर बसून गुंडेराव म्हणाले, "काय करू मास्तर? हिला शंभरदा सांगितलं, आधी दोन घास खा. ऐकत न्हाय. म्हणती, पाहुण्याआधी जेवली तर कुळाला बट्टा. मग म्हटलं, कुळाच्या कायद्यात नसलेलंच काहीतरी करून घालावं."

"आणि लोकांना खरं सांगायला काय झालं होतं?"

"बायकोच्या मागं घास घेऊन फिरतो म्हणून सांगू?" त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "वाहियात गोष्ट करता."

वहिनी पलीकडे पदर सावरून बसल्या होत्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमी लई छान शिव्या देता." एवढंच. यात त्यांना किती ठाऊक होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढं कितीतरी दिवस काही कळलं नाही. मग एका कंडक्टरनं गुंडेरावांचा तोंडी निरोप आणला. एकदा येऊन जा. इथले लोक फार सभ्य आहेत.

दुसरा कुणी असता तर त्याला हे कौतुक वाटलं असतं. मी रविवार धरून निघालो. परंडा सोडलं तेव्हा उजाडायचं होतं. दोन ठिकाणी गाडी बदलली, एका ठिकाणी ती ढकलली. एका टोस्टाला शिवी द्यायला इतका प्रवास केलेला माणूस मराठी मुलखात मीच असेन.

लोहाऱ्याचं घर लहान होतं. ओसरीवर शेजारचे एक दुकानदार अप्पा आधीच बसलेले. कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं कानडी वळणाचं, स्वभाव लोण्यासारखा. त्यांच्या हातात टोस्ट होता आणि ते तोंडभरून कौतुक करत होते, "छलो हाय की हो. पोट भरलं बघा." गुंडेराव मान खाली घालून बसले होते. डोकं पांढरं झालं होतं. आत काही आवाज नव्हता.

मला पाहून ते उठले नाहीत. नुसती बशी पुढं केली आणि डावा कान दाराकडं वळवला.

मी एक टोस्ट घेतला. खरं सांगायचं तर चांगला झाला होता. पाव नीट भाजलेला, चीज मऊ, वर पिकलेल्या पपईची फोड. इतक्या वर्षांत माणसाचा हात बसला होता. मी तो चावला, गिळला, छातीत भरेल तेवढा वारा भरून घेतला आणि म्हणालो, "गुंडेराव, लाज वाटत नाही का? एवढ्या लांबून आलेल्या माणसापुढं हे ठेवता? याला खाणं म्हणतात होय?"

अप्पा बिचारे घाबरून उभेच राहिले.

आतून आवाज आला. कुर्रर.

गुंडेरावांनी डोळे मिटून घेतले. मी दुसरा टोस्ट उचलला आणि आवाज आणखी चढवला.